बांध दिसतो, सीमा दिसत नाही

इतिहासाच्या पुस्तकातला एखादा नकाशा आठवून पाहा. एका राज्याला पिवळा रंग, शेजारच्याला हिरवा आणि मध्ये एक ठळक काळी रेघ. ही रेघ जमिनीवर नेमकी कुठे होती, तिच्यावर कोण उभे असे, ती ओलांडली की काय बदलत असे, हे प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत आणि आपणही ते काढत नाही. रेघ आहे म्हणजे सीमा आहे, असे गृहीत धरून आपण पुढच्या राजाकडे वळतो.

काही ठिकाणी मात्र अशी रेघ खरोखरच जमिनीवर आहे. ब्रिटनमध्ये, इंग्लंड आणि वेल्स यांच्या दरम्यान, डोंगर-दऱ्यांतून आणि कुरणांतून मातीचा एक लांबच लांब बांध गेलेला आहे. बांधाच्या पश्चिमेला, म्हणजे वेल्सच्या बाजूला, चर आहे. चरातली माती उपसून पूर्वेकडे टाकली, तिचाच बांध झाला. जिथे तो चांगला टिकला आहे तिथे चर आणि बांध मिळून रुंदी २० मीटरपर्यंत भरते आणि बांधाची उंची आजही अडीच मीटरच्या आसपास आहे. इंग्रजीत याला ‘ऑफाज डाइक’ म्हणतात. ‘डाइक’ म्हणजे बांध आणि ‘डिच’ म्हणजे चर हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दातून आले आहेत. चर खणला की बांध आपोआप होतो, हे ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला याचे नवल वाटणार नाही.

ऑफा हा मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्याचा राजा. त्याची कारकीर्द इ. स. ७५७ ते ७९६. पश्चिमेला पोविस आणि इतर वेल्श राज्ये होती. शालेय पुस्तकांत आणि प्रवासी मार्गदर्शिकांत या बांधाची ओळख बहुधा एका वाक्यात करून दिलेली असते : ऑफाने मर्सिया आणि वेल्स यांच्यातील सीमा म्हणून एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत बांध घातला. या एका वाक्यात चार विधाने आहेत. बांध ऑफाने घातला, तो एकाच वेळी घातला गेला, तो समुद्रापासून समुद्रापर्यंत होता आणि तो सीमा होता. यांतले प्रत्येक विधान कशावर उभे आहे, हे आम्ही या लेखात तपासून पाहणार आहोत. त्यासाठी या विषयावरच्या सर्वांत महत्त्वाच्या पुस्तकाची चिकित्सा करणे हाच सोपा मार्ग आहे.

पायी चालून लिहिलेले पुस्तक

सर सिरिल फॉक्स हे वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक होते. १९२६ ते १९३४ या काळात त्यांनी हा बांध आणि त्याच्या पूर्वेला काही किलोमीटरांवर जवळजवळ समांतर जाणारा ‘वॉट्स डाइक’ नावाचा दुसरा बांध, असे दोन्ही पायी चालून पाहिले. मोठ्या प्रमाणावरचे नकाशे हातात घेऊन त्यांनी प्रत्येक तुकड्याची नोंद केली, जागोजागी छेद मोजले आणि दरवर्षी अहवाल प्रसिद्ध केले. या सर्वांचे मिळून १९५५ मध्ये ‘ऑफाज डाइक’ हे पुस्तक निघाले. त्याला सर फ्रँक स्टेंटन या थोर इतिहासकारांची प्रस्तावना आहे.

पुस्तकाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. बांध कुठे उंच आहे, कुठे नांगरटीने सपाट झाला आहे, कुठे तो नाहीच, हे फॉक्स जसे दिसले तसे लिहितात. त्यांच्या हिशेबाने दोन टोकांमधले अंतर सुमारे २४० किलोमीटर, पण प्रत्यक्ष बांध त्यातल्या सुमारे १३० किलोमीटरांवरच. आपल्या सिद्धांताला अडचणीचे ठरणारे हे आकडे त्यांनी लपवले नाहीत. पुढे ज्या संशोधकांनी फॉक्स यांची मते खोडली, त्यांनी वापरलेला पुष्कळसा पुरावा फॉक्स यांच्याच नोंदींतला होता. प्रयोगवहीत निरीक्षण आणि निष्कर्ष यांचे रकाने वेगळे का ठेवायचे, हे विद्यार्थ्यांना पटवून द्यायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आमची तक्रार दुसऱ्या रकान्याविषयी आहे. पुस्तकाचे उपशीर्षकच, मराठीत सांगायचे तर, ‘मर्सियाच्या पश्चिम सीमेवरील सातव्या-आठव्या शतकांतील बांधकामांची क्षेत्रपाहणी’ असे आहे. ज्या गोष्टी पाहणीतून ठरायच्या, म्हणजे बांध मर्सियाचा आहे, सीमेवरचा आहे आणि सातव्या-आठव्या शतकांतला आहे, त्या मुखपृष्ठावरच ठरून गेल्या आहेत. पाहणी सुरू होण्याआधीच उत्तर हातात असले की मिळणारी प्रत्येक गोष्ट त्या उत्तरात बसवण्याचा मोह होतो. फॉक्स यांच्यासारख्या काटेकोर माणसालाही तो टाळता आलेला नाही.

जंगल कोणी पाहिले?

मधल्या शंभरएक किलोमीटरांवर बांध नाही, त्याचे कारण काय? हेरेफर्डशायर परगण्यात तर बांधाचे लहान लहान तुकडे आहेत आणि त्यांच्यामध्ये कित्येक किलोमीटर काहीच नाही. फॉक्स यांचे उत्तर असे : तिथे त्या काळी ओलसर जमिनीवरचे घनदाट ओकचे जंगल असावे, त्यामुळे बांधाची गरजच पडली नाही.

हे उत्तर प्रथमदर्शनी पटते. पण तिथे जंगल होते हे कशावरून? बऱ्याच अंशी, तिथे बांध नाही यावरून! दुसऱ्या बाजूने, बांध जिथे सरळ रेषेत जातो तिथे जमीन मोकळी असावी आणि जिथे तो वाकडातिकडा होतो तिथे झाडी असावी, असेही फॉक्स मांडतात. म्हणजे बांधावरून झाडी ठरवायची आणि झाडीवरून बांधाचे वागणे समजावून सांगायचे. वर्तुळात फिरणारा हा युक्तिवाद आहे. जुन्या मातीतले परागकण तपासून झाडीचा अंदाज स्वतंत्रपणे करता येतो, आणि तसा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत ‘जंगल’ हा फक्त एक शब्द उरतो. गावांच्या जुन्या नावांचा अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे तर असे आहे की, या भागात ऑफाच्या आधीच शेती आणि इंग्रजी बोलणाऱ्यांची वस्ती झालेली होती.

दुसरे उदाहरण घेऊ. बांधाची जागा बहुतेक ठिकाणी अशी निवडली आहे की तिथून पश्चिमेकडचा मुलूख दूरवर दिसतो. ही मर्सियाच्या वर्चस्वाची खूण मानली जाते. काही ठिकाणी मात्र बांध मोक्याची जागा सोडून देतो. तिथे फॉक्स म्हणतात की, वेल्श राजांशी वाटाघाटी होऊन ती जागा त्यांना दिली असावी. म्हणून ही दोन्ही पक्षांना मान्य असलेली सीमा होती. पाहा, जागा चांगली असली तर वर्चस्व आणि वाईट असली तर तडजोड. अशा मांडणीत कोणतेही निरीक्षण सिद्धांताच्या विरुद्ध जाऊच शकत नाही. जो सिद्धांत कशानेच खोटा ठरू शकत नाही, त्याच्याविषयी विज्ञानाच्या शिक्षकाने सावध राहायला हवे.

‘समुद्रापासून समुद्रापर्यंत’

आता लेखी पुराव्याकडे वळू. ऑफाने बांध घातला असे सांगणारा सर्वांत जुना लेखक म्हणजे अ‍ॅसर. हा वेल्समधला धर्मगुरू आल्फ्रेड राजाच्या पदरी होता आणि त्याने इ. स. ८९३ मध्ये राजाचे चरित्र लिहिले. त्यात ऑफाच्या मुलीची हकिकत सांगताना जाता जाता तो लिहितो की, ऑफाने वेल्स आणि मर्सिया यांच्यामध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंत मोठा बांध घालवला. ऑफाला जाऊन तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. या चरित्राची मध्ययुगीन हस्तलिखित प्रत १७३१ मध्ये लंडनमधल्या एका ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीत जळाली. आपल्याला ते नंतरच्या नकलांवरून आणि छापील आवृत्त्यांवरून वाचावे लागते.

साक्षीदार वाईट नाही. तो स्वतः वेल्समधला होता आणि दोन्ही बाजूंशी त्याचा संबंध होता. पण त्याचे शब्द कुठून आले, हेही पाहिले पाहिजे. बीड या विद्वानाने इ. स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात रोमन सम्राटाने ब्रिटनमध्ये ‘समुद्रापासून समुद्रापर्यंत’ तट घातल्याचे वर्णन आहे. अ‍ॅसरच्या काळातल्या शिकल्यासवरलेल्या माणसाला हे पुस्तक माहीत असे. इकडे युरोपच्या मुख्य भूमीवर फ्रँक राजांच्या बखरीत इ. स. ८०८ खाली अशीच नोंद आहे : डेन लोकांचा राजा गोडफ्रेड याने पूर्वेकडच्या खाडीपासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत तट घालायचे ठरवले आणि गाड्या व घोडेस्वार जाण्यासाठी त्यात एकच दरवाजा ठेवला. मोठ्या राजाने मोठा तट घातला की तो समुद्रापासून समुद्रापर्यंतच असायचा, अशी ती लिहिण्याची रीत दिसते. शब्दशः घेऊन मोजपट्टी लावावी असे हे वाक्य नाही.

तरीही फॉक्स यांनी मोजपट्टी लावली. दोन समुद्र गाठायचे म्हणून उत्तरेला आणि दक्षिणेला जे जे बांध सापडले ते त्यांनी ऑफाच्या खात्यात जमा केले. डेव्हिड हिल आणि मार्गारेट वर्दिंग्टन यांनी पुढे अनेक वर्षे ठिकठिकाणी खणून पाहिले. उत्तरेकडच्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी चर आहे आणि त्याची घडण वेगळी आहे, असे त्यांना आढळले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी खात्रीने ऑफाचा म्हणता येईल असा सलग बांध सुमारे १०३ किलोमीटरांचाच मानला. एवढी लांबी साधारणपणे पोविस राज्याच्या समोर येते. या राज्याविषयी एक वेगळा पुरावा आहे. लँगोलेनजवळ एका दगडी खांबावर नवव्या शतकात पोविसच्या राजाने लेख कोरवला होता आणि १६९६ मध्ये एडवर्ड लुइड यांनी तो उतरवून घेतला. आज तो वाचता येत नाही. आपला पणजा एलिसेग याने इंग्रजांच्या ताब्यातून पोविस परत मिळवले, असे त्यात म्हटले होते. म्हणजे बांध सर्व वेल्सविरुद्ध नव्हता, एका डोईजड झालेल्या शेजाऱ्यापुरता होता, असे हिल आणि वर्दिंग्टन यांचे म्हणणे. सर्वांना ते मान्य नाही. कीथ रे आणि इयन बॅप्टी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इतकी कमी लांबी नाकारली आहे, आणि पश्चिमेकडून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरावे अशा रीतीने बांध रचल्याचे दाखवले आहे. वाद चालू आहे. शाळेच्या पुस्तकातल्या वाक्यात मात्र त्याचा मागमूस नाही.

माती कोणते साल सांगते?

‘हे सगळे जाऊ द्या, माती तपासून साल काढा’ असे विज्ञानाचा विद्यार्थी म्हणेल. ते काम झाले आहे आणि त्यातून मिळणारा धडा फार मोलाचा आहे.

वॉट्स डाइकचेच पाहा. तो सुमारे ६४ किलोमीटर लांब आहे. फॉक्स यांनी त्याची रचना आणि जागा पाहून तो ऑफाच्या आधीच्या एथेलबाल्ड राजाचा, म्हणजे आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. १९९०च्या दशकात ऑस्वेस्ट्री गावाजवळच्या उत्खननात बांधाखाली एक चूल सापडली. तिच्यातल्या कोळशाचे किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने काढलेले साल पाचव्या शतकाच्या मध्याच्या आसपास आले. झाले! बांध तीनशे वर्षांनी जुना झाला. मग २००६ मध्ये गोबोवेन येथे झालेल्या उत्खननात वेगळी पद्धत वापरली. वाळूचे कण उन्हात असतात तोवर त्यांच्यात साठलेली ऊर्जा निघून जाते. ते मातीखाली गाडले गेले की ती पुन्हा साठू लागते. ती मोजून कण अंधारात केव्हा गेले हे काढता येते. या पद्धतीने बांधाचे साल नवव्या शतकाच्या सुरुवातीचे आले, म्हणजे ऑफाच्याही नंतरचे.

एका बांधाची तीन साले. यांत विज्ञान चुकले का? मुळीच नाही. प्रत्येक पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर दिले. कार्बनने सांगितले की चुलीत जळलेले लाकूड केव्हा जिवंत होते. चूल बांधाखाली आहे, तेव्हा बांध तिच्यानंतरचा एवढे नक्की. पण नंतरचा म्हणजे पाच वर्षांनी की चारशे वर्षांनी, हे चूल कसे सांगणार? तुमच्या शाळेच्या पायाखाली शिवकालीन नाणे सापडले म्हणून शाळा शिवकालीन ठरत नाही.

ऑफाच्या बांधाबाबतही हेच झाले. २०१३ मध्ये चर्क गावाजवळ बांधाचा एक भाग कोणीतरी यंत्राने सपाट केला. कायद्याने संरक्षित स्मारकाचे ते मोठे नुकसान होते. उघड्या पडलेल्या भागाची तपासणी करताना बांधात रचलेल्या गवताळ मातीच्या नमुन्याचे साल इ. स. ४३० ते ६५२ यांच्या दरम्यान आले. २०१४ मध्ये बातमी झाली की बांध ऑफाच्या दोनशे वर्षे आधीचा निघाला. पण गवताळ माती बांधात रचली जाण्यापूर्वी किती काळ जमिनीवर होती? एका जागचे साल शंभर किलोमीटरांच्या बांधाला लावता येते का? की आधीच्या लहान बांधांना जोडून ऑफाने एक मोठा बांध केला? हे तिन्ही प्रश्न बातमीत बुडाले.

शेवटच्या शक्यतेला डेन्मार्कच्या जुन्या सीमेवरच्या ‘डानेवर्क’ या तटाचा आधार आहे. बखर सांगते की तो इ. स. ८०८ मध्ये गोडफ्रेडने घातला. पण तटातल्या लाकडाची वर्षवलये मोजली तेव्हा एका टप्प्याचे लाकूड इ. स. ७३७ मध्ये तोडलेले निघाले. २०१० नंतरच्या उत्खननांत त्याहूनही जुने टप्पे सापडले. तट अनेक पिढ्यांनी बांधला आणि बखरीने तो एका राजाच्या नावावर चढवला. पुढे १८६४च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धातही डेन सैन्याने याच तटावर मोर्चे बांधले होते. हजार-बाराशे वर्षांत एकाच मातीला किती अर्थ चिकटले, हे यावरून लक्षात यावे.

हिशेब करून पाहू

राहिला मुख्य प्रश्न : हा बांध सीमा होता का आणि असला तर कशा प्रकारची? इथे एक सोपे गणित करू. आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत, वर्गात ते बदलून पाहावेत.

चर वरून ६ मीटर रुंद, २ मीटर खोल आणि तळाशी निमुळता धरू. त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर. म्हणजे एक मीटर लांबीमागे ६ घनमीटर माती. १०० किलोमीटरांसाठी ६ लाख घनमीटर. एक माणूस दिवसाला २ घनमीटर माती खणून टाकतो असे धरले, तर ३ लाख मनुष्यदिवस लागतील. ५,००० माणसे लावली तर ६० दिवसांचे काम. म्हणजे पेरणी आणि सुगी यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत, एक-दोन हंगामांत, मोठ्या राजाला हे जमण्यासारखे होते.

आता पहाऱ्याचा हिशेब. दर १०० मीटरांवर एक माणूस ठेवला तर एका वेळी १,००० माणसे, तीन पाळ्यांत ३,०००. वर्षाचे सुमारे ११ लाख मनुष्यदिवस झाले. बांधायला जेवढे श्रम लागले त्याच्या साडेतीन पटींहून जास्त श्रम दरवर्षी नुसत्या पहाऱ्याला! शिवाय या लोकांच्या जेवणाखाणाचा खर्च वेगळा. उत्तरेकडच्या रोमन हेड्रियनच्या भिंतीवर ठरावीक अंतरावर गढ्या आणि बुरूज आहेत, पगारी फौज होती. ऑफाच्या बांधावर गढ्या आणि बुरुजांची अशी रांग नाही. तेव्हा बांधावर सैनिक खांद्याला खांदा लावून उभे आहेत हे चित्र आपण पुसून टाकलेले बरे.

मग पहारा नसलेला बांध कशाच्या उपयोगाचा? एकटा माणूस तो सहज चढून जाईल. पण चोरलेली वीस गुरे रात्री घाईने त्या चरातून पलीकडे काढणे सोपे नाही. हा नुसता तर्क नाही. त्या भागातल्या लोकांसाठी केलेला, दहाव्या-अकराव्या शतकांतला एक करारवजा कायदा शिल्लक आहे. एका नदीच्या अलीकडे इंग्रज आणि पलीकडे वेल्श राहतात. चोरीच्या गुरांचा माग काठापर्यंत आला की तो पलीकडच्या मालकाच्या हवाली करायचा, पुढचा माग त्याने काढायचा. वाद झाला तर न्याय सांगायला बारा जाणती माणसे, सहा इंग्रज आणि सहा वेल्श. त्या काळची सीमा अशी रोजच्या व्यवहारातली होती : गुरे, माग, भरपाई आणि पंच. आणि या कायद्यात खूण म्हणून नदी आहे, बांधाचा उल्लेख नाही! फ्रँक नोबल यांनी सीमा आणि बांध एकच होते का, असा प्रश्न उभा केला. सीमा बांधाच्या पुढे पश्चिमेला असेल, आणि बांध हा तिच्या मागे ये-जा आवरण्यासाठी घातलेला अडसर असेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. बांधाच्या पश्चिमेलाही जुन्या इंग्रजी नावांची गावे आढळतात, ही गोष्ट त्यांच्या बाजूने जाते.

बांध सीमेवरच असला पाहिजे असे नाही, हे समजायला आपल्याच देशातले एक उदाहरण घ्यावे. काळ आणि कारण वेगळे आहे, पण मुद्दा तोच आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने मिठावरचा कर बुडू नये म्हणून सिंधू नदीपासून महानदीच्या बाजूपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. १८७०च्या सुमारास तिची लांबी ३,७०० किलोमीटरांच्या आसपास होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे होती. बऱ्याच भागात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग यांचे काटेरी कुंपण वाढवले होते. १८७९ मध्ये ही रेषा मोडीत निघाली. उद्या कागदपत्रे नष्ट झाली आणि कुंपणाची फक्त खूण उरली, तर एखादा संशोधक म्हणेल की इथे दोन राज्यांची सीमा होती. ते साफ चूक ठरेल. ती रेषा राज्याची हद्द दाखवत नव्हती. मीठ अडवत होती.

काय ठेवावे, काय सोडावे

एवढ्या चिकित्सेनंतर फॉक्स यांचे पुस्तक टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. सलग आणि एकसारखे काम, पश्चिमेकडे असलेला चर, जागेची निवड, या गोष्टी पाहता ऑफाच्या काळात एका मोठ्या सत्तेने हा बांध उभारला हे अजूनही सर्वांत संभवनीय वाटते. नावाचाही पुरावा हलका नाही. दक्षिण इंग्लंडमधल्या अशाच एका जुन्या बांधाला लोकांनी वोडन देवाचे नाव दिले, ‘वॉन्सडाइक’. तो माणसांनी केव्हा घातला याची आठवणच उरली नव्हती, असे त्यावरून दिसते. इथे मात्र माणसाचे नाव टिकले. आमचा आग्रह एवढाच की, ‘बांध आहे’ हे निरीक्षण, ‘ऑफाने घातला’ हे संभवनीय अनुमान आणि ‘तो सीमा होता’ हा त्यावरचा अर्थ, या तिघांना एकाच वाक्यात सारख्या खात्रीने सांगू नये.

हा आग्रह केवळ पुस्तकी नाही. ब्रिटनमध्ये आजही ‘बांधापलीकडचे’ म्हणजे परके असे बोलले जाते. प्रत्यक्षात इंग्लंड-वेल्सची आजची सरहद्द बांधावरून फार थोड्या अंतरापर्यंत जाते. बांध कधी तिच्या अलीकडे असतो, कधी पलीकडे. आणि वेल्श बखरीप्रमाणे इ. स. ८२२ मध्ये, म्हणजे ऑफाच्या मृत्यूनंतर पाव शतकात, इंग्रजांनी पोविस ताब्यात घेतले होते. बांध जागेवर राहिला, सत्तेची हद्द त्याला ओलांडून गेली. नकाशावरच्या रेघेला आपण कायमची आणि नैसर्गिक समजू लागलो की तिच्या दोन्ही बाजूंची माणसेही आपल्याला मुळातच वेगळी वाटू लागतात. त्या कायद्यातले सहा आणि सहा पंच मात्र एकत्र बसत होते.

शेवटी एक उपक्रम सुचवतो. आपल्या गावाच्या शिवारातला एखादा जुना बांध, चर, गडगा किंवा कुंपण निवडा. आधी विद्यार्थ्यांना तो फक्त मोजू द्या : लांबी, उंची, चर कोणत्या बाजूला, कुठे तुटला आहे, वरची झाडे किती जुनी दिसतात. तो कशासाठी घातला असावा याचे शक्य तितके अंदाज त्यांनी लिहावेत : हद्द, माती अडवणे, पाणी वळवणे, गुरे रोखणे. प्रत्येक अंदाजापुढे, काय आढळले तर तो चूक ठरेल, हेही लिहावे. त्यानंतरच गावातल्या जाणत्यांना विचारावे आणि तलाठ्याकडचा नकाशा पाहावा. बांध कोरून शेजाऱ्याच्या शेतात सरकवण्याची कला आपल्याकडे नवी नाही, त्यामुळे कागदावरची हद्द आणि जमिनीवरचा बांध यांत फरक सापडला तर आश्चर्य मानू नये. तो फरक किती आणि कोणत्या बाजूला आहे, हेही वहीत निरीक्षणाच्या रकान्यात लिहून ठेवावे.